मधले चारशे मीटर

ग्रंथालय सहाला बंद होतं, म्हणून बैठक
चॅपेलच्या मागच्या खोलीत.
हीटर गुरगुरतो नुसता, तापत नाही.

वेल्सच्या तीन खोऱ्यांतून सातजण आलेत,
पँटच्या पायांना चिमटे तसेच.
एमरिसनं नकाशा पसरला,
ग्वेनलियननं आपला त्याला जोडून ठेवला.
दोन्हींवरची हिरवी रेघ
पुलाशी येते आणि तुटते.
मधले चारशे मीटर
कुठल्याच कौन्सिलचे नाहीत.

तिथंच, डेलिथ म्हणाली,
मी रोज उतरते.
बेकरीतली रात्रपाळी संपवून येताना,
ट्रक जाईपर्यंत कठड्याला चिकटून.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग एमरिसनं खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं,
टोक जिभेला लावलं.

रेघ पुलावरून गेली, पण वाकडी.
खोडरबर कुणाकडंच नव्हतं.