माझ्या बाजूचा ब्रेक

शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात.
एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या.
स्टेअरिंग एकच, आणि ते माझ्याकडं नसतं.
एकतीस वर्षं मी कोल्हापूर असंच बघितलं,
डाव्या सीटवरनं,
उजवा पाय हवेत धरून.

आधी यायची डॉक्टरांची पोरं,
कारखान्याच्या संचालकांचे जावई.
महिन्याला चार, दिवाळीत सहा.
मग लांब कुठंतरी कुणीतरी ठरवलं
की गाडी बुलेटपेक्षा थोडीशीच महाग असावी,
आणि माझ्या पाटीखाली चपलांचा ढीग लागला.

उद्यमनगरातला मोल्डर दत्ताजी चौगुले,
मनगटावर ओतीव लोखंडाचे डाग,
गिअर असा धरायचा, जणू साचा मोडंल.
पापाच्या तिकटीवरचा दगडू सातपुते,
जन्मभर चपला शिवलेला,
पायातली काढून बसायचा.
म्हणाला, चपलेतनं गाडी कळत नाही, मास्तर.
एस्तेर सिस्टर रात्रपाळी करून यायची,
डोळे तांबडे.
पहिल्यांदा थर्ड पडला तेव्हा मोठ्यानं हसली,
आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

दत्ताजीची आई जोतिबाला जाऊन आली,
भर श्रावणात, कोरडी.
खिडकीची काच खालीवर करत गेली म्हणे सगळा घाट.
म्हणून कुणी कट्ट्यावर बसून म्हणालं,
असल्यांनी कशाला गाड्या घ्यायच्या,
की माझा पाय आपोआप दाबला जातो.

पण गल्ली होती तेवढीच.
शिवाजी पेठेत आता एका बाजूचंच दार उघडतं,
दुसरं भिंतीला.
घरात पाहुण्याला आडवं व्हायला जागा नाही
आणि दारात गाडी, कव्हर घालून, चाक गटारीवर.
आमच्याकडची के.एम.टी. आधी उशिरा यायला लागली,
मग रिकामी,
मग आलीच नाही.
त्यातली माणसं कुठं गेली विचारू नका.
मीच शिकवलीत.

शालन आली सगळ्यात शेवटी.
गंगावेशीत चार म्हशी, पहाटे आणि सांजेला
रस्त्याकडंला धार काढून पेला हातात द्यायची,
फेस ओठाला लागेल असा.
हल्ली हॉर्न वाजला की म्हैस पान्हा चोरते.
गिऱ्हाईक पेला धरून उभं, शालन आचळ धरून बसलेली,
आणि मागनं पुन्हा पीं.
शिवाय थांबायचं म्हटलं तर गिऱ्हाइकालाही
गाडी लावायला जागा कुठाय?
मग तिनं हिशेब केला:
माणसं दुधाकडं येत नाहीत, तर दूध जाईल राजारामपुरीत.
पांढरी, तिसऱ्या हातची, दोन किटल्या मागं बसतील एवढी.

गाडीशी ती म्हशीशी बोलावं तशी बोलायची.
हो, हो. सर की बाई.
क्लच सुटला तर पाठीवर थाप मारावी
तशी डॅशबोर्डवर थाप.

अकराव्या दिवशी तिच्याच कट्ट्यासमोर अडकलो.
पुढं एस्तेर, तिच्या पुढं चौगुल्यांची, समोरनं दगडू, अनवाणीच असणार.
कुणी मागं घेईना.
रिव्हर्स मी सगळ्यांना शिकवलाय,
दोन दिवस, वेगळे पैसे न घेता.

शालननं हॉर्न दाबला.
लांब, रागानं.
कडेला तिचा पोरगा धार काढत होता.
त्यानं मान वर केली नाही.
म्हशीनं केली.
बघितलं इकडं, मग पाय झाडला,
आणि चरवीतला आवाज थांबला.

शालननं हात काढून मांडीवर ठेवला.
मास्तर, बंद कुठनं करायची?
मी किल्लीकडं बोट दाखवलं.

इंजिन थांबल्यावर मला कळलं,
माझा पाय मघापासनं ब्रेकवर होता,
सगळा जोर लावून.
गाडी तर उभीच होती.