पावणेनऊ तास

करारात लिहिलंय : नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के.
म्हणजे अख्ख्या वर्षात आम्हाला
बंद पडायची मुभा पावणेनऊ तासांची.
त्याहून मिनिटभर जास्त झालं की पैसे परत.

हेल्सिंकीच्या उत्तरेला, पूर्वी आगकाड्यांचा कारखाना होता
त्या विटांच्या इमारतीत आता माझे सर्व्हर राहतात.
माझे म्हणते, पण त्यांच्या पोटात लोकांचे संसार :
पोर्तोमधल्या एका फुलवालीचं दुकान,
कुठल्याशा शाळेचं वेळापत्रक,
आणि एका म्हाताऱ्याने दरवर्षी न चुकता पैसे भरून
जपलेली बायकोच्या पाककृतींची पानं.
महिन्याला तीन जण येतात तिथे.
त्यातला एक तोच असावा.
पण त्या तिघांसाठीही दार उघडं हवं,
रात्री अडीचलासुद्धा.
तिथली यजमान मी.

घरातला यजमान ओस्मो.
पेज ढवळतो, लेकीच्या वेण्या घालतो,
आणि मी कोट काढला की विचारतो,
"आज मुक्काम आहे ना?"

शनिवारी सौनात शिरताना
फोन लोकरी मोज्यात घालून बाहेरच्या बाकावर ठेवते.
तापू नये म्हणून. ऐकू यावा म्हणूनही.
अंगभर वाफ घेताना
माझा एक कान त्या मोज्यात असतो.

केर्तू नऊ वर्षांची. शाळेत सध्या टक्केवारी.
टेबलावर खोडरबराचा भुगा.
"आई, तुझं जानेवारीचं काढलं.
एकसष्ट."
रागाने नाही, हातचा सांगावा तसं.
"आणि बाबाचं?"
"त्याचं काय काढायचं? तो असतोच."
ओस्मोने पातेलं जरा जोरात ठेवलं.

त्याच रात्री पावणेतीनला उशी थरथरली.
तिसऱ्या दालनात थंडाव्याचा पंप गेलेला.
बाहेर उणे बावीस,
आणि आत माझी यंत्रं उकाड्याने घाबरीघुबरी.
अकरा किलोमीटर. वळणावर
रस्त्याच्या मधोमध एल्क,
गाडीचे दिवे अंगावर घेऊन उभा.
हॉर्न वाजवला नाही.
त्याने कुठल्याच करारावर सही केलेली नव्हती.
चार मिनिटं. खरं सांगू,
बरं वाटलं.

आमच्या दालनांची ऊब नळांमधून गावात जाते.
केर्तू लहान असताना मीच सांगितलं होतं :
रेडिएटर गरम आहे ना, मग आई कामावर आहे.
तेव्हा ती येता-जाता हात लावून बघायची.
त्या रात्री पंप जुळेपर्यंत
गावाच्या जुन्या बॉयलरने आपोआप पेट घेतला.
चाळीस मिनिटं घरातली ऊब माझी नव्हती,
आणि कुणाची कूससुद्धा बदलली नाही.
याचं सुख मानावं की काय मानावं,
पाना हातात धरून ठरेना.

सकाळी परतले तेव्हा
रेडिएटरवर तिचे ओले हातमोजे,
आणि ती वही उघडून बसलेली.
"रात्रीचं कसं धरू?
तू गेलीस तेव्हा मी झोपले होते.
मला कळलंच नाही, तरी ते बंद?"
"आमच्याकडे धरतात."
"कुणी आलंच नसलं तरी?"
"तरी."
तिने पेन्सिलीचं टोक ओठाला लावलं.
मी बुटांची नाडी सोडता सोडता
एल्कचं सांगितलं. कानांवरचा बर्फ, त्याचा श्वास,
तो हलेना आणि मीही कशी हलले नाही ते.
"किती वेळ?"
"चार मिनिटं."

बराच वेळ ती दोन्ही रकान्यांकडे बघत राहिली.
मग पट्टी घेतली,
आणि समासाला चिकटून, जागा नसताना,
तिसरा रकाना आखला.