धुरा

काळ्या रंगाची ट्यूब पिळली
तर वावर कोळशासारखं दिसलं.
मग निळा घातला, चिमूटभर गेरू,
शेवटी बोटानंच फासलं
तेव्हा कुठं नखात अडकणारी माती झाली.

पऱ्हाटीची बोंडं कोरीच सोडली,
कागदाचा पांढरा पुरला.
बंडीच्या सावलीत चरवी, तिच्यावर ओलं फडकं.
आणि धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी,
झोळीबाहेर एक तळपाय.

दादा आला आर्वीहून.
चष्मा पुसून पाहत राहिला बराच वेळ.
म्हणाला, "बाभूय आपली नाई वं ते,
उईक्यायच्या आंगाची होती.
तू तीन तासं त्यायचं वावर दाबलं."
तळपायाबद्दल काही बोलला नाही.
तो त्याचाच होता.

पट्टीनं मोजून धुरा पुसायला बसले
तर दारात सोनाबाई उईके.
चित्राला नाक लावून म्हणाली,
"राहू दे. सावली तं तुमच्याच आंगाले पडे.
फक्त आमची लंगडी शेयी बांध तिथं."

शेळी काढली.
कोणता पाय लंगडा, आठवेना.
सोनाबाईलाही नाही.

बसवली तिला,
चारही पाय पोटाखाली.