डॉर्न लँडिंगमधलं औषधांचं दुकान

मार्च आला की आमच्या गावाचं नाव
लोकांच्या तोंडी येतं. तीन दिवस.
एरवी नकाशावर माशी बसून उठावी, एवढंच हे डॉर्न लँडिंग.

तळं दरसाल मागे सरकतं.
मी अजून आमिषाचं दुकान उघडतो,
शेवटचा मासा कधी दिसला ते विचारू नका.
उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ
खिडकीच्या फटीतून आधी भांड्यांत येते,
मग छातीत.

त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या तामसिननं
बंद पोस्टात औषधांचं दुकान मांडलं.
चारशे रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत एक दिवा.
निळा, पिवळा, जखमेवरच्या औषधासारखा जांभळा.
पाहुणे उंची टोप्या घालून आत जायचे
आणि देवळात बोलावं तसं हळू बोलायचे.

दुसऱ्या दिवशी ओलीटा पर्विस आली,
काठी टेकत, घरातल्याच सपाता घालून.
चार घड्यांचा कागद तिनं काउंटरवर उलगडला:
दम्याचा पंप, दोन.

"आजी, हे खरं दुकान नाही हो."
"ठाऊक आहे, पोरी.
पण या रस्त्यावर अकरा वर्षांत
शटर उघडलंय ते तूच."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच.

संध्याकाळी उद्घाटनाची भाषणं झाली,
तामसिन नव्हती.
सत्तर मैल जाऊन सत्तर मैल परत,
रात्री एकला तिनं ओलीटाचं दार वाजवलं.
हे मला कुत्र्यांनी सांगितलं;
ओलीटा आजवर बोललेली नाही.

मग सगळे गेले. दिवे एकेक विझले.
मे महिन्यात कुणी फळीवर अर्धी पट्टी ठेवली
रक्तदाबाच्या गोळ्यांची.
मग एक थर्मामीटर. मेलेल्या गिल्बर्टच्या कुबड्या.
बर्निस आधी नर्स होती, ती येऊन
तारखा उलटलेलं निवडून फेकू लागली.
मी माझा गळका फ्रिज दिला,
नाहीतरी त्यात गांडुळंच होती.

पुढच्या मार्चमध्ये तामसिन आली
नव्या दिव्यांचं खोकं घेऊन.
दारातच थबकली.
काउंटरमागे ओलीटा, नाकावर चष्मा,
मान वर न करता म्हणाली,
"नंबर घे आणि बस."

ती बसली, खोकं मांडीवर घेऊन.
बाहेर तळाकडून वारा सुटला होता.
थोड्या वेळानं
तामसिन खोकली.