तिसरी सही

नियम आम्हीच केला होता, मागच्या मेमध्ये,
चोपड्यात, पिंजारींच्या मोटर रिवाइंडिंगच्या वरच्या खोलीत,
कूलरमधलं पाणी संपलेलं, खालून वॉर्निशचा वास:
गट काढायचा तर तीन माणसं हवीत,
हेतू एका ओळीत मावला पाहिजे,
आणि सहा महिने कुणी काहीच केलं नाही
तर गट मिटवायचा, दुखवटा न पाळता.

प्रोग्रामचं नाव काटा.
केळीचा घड वजनाला लागला की
दांडा किती वजा, हमाली किती, हाती किती,
शेतकऱ्याच्या फोनवर उमटतं.
कुणीही उघडावा, आत बघावं,
पटलं नाही तर बदलावं, बदललेलं परत द्यावं.
भगीरथ नेहेते हे दर सभेत सांगतो,
इतकं सावकाश, जणू समोर ग्रामसेवक बसलाय.
पण सगळ्यांचं म्हणजे कोणाचं काम?
दिवसा सगळे सगळीकडे हात घालायचे
आणि रात्री जुबेर पिंजारी एकटा
तुटलेलं सांधत बसायचा.
म्हणून गट.

पावती छापणाऱ्यांचा निघाला,
दोन रविवार नुसत्या 'ळ'च्या पोटावर भांडला.
अहिराणीचा सगळ्यात गाजला.
'येथे दाबा'ला युवराज बागुल म्हणाला,
आठे दाब. बस, इतलंच.
हेमलता भंगाळे म्हणाल्या, आमच्या फैजपुरात
कुणाच्या तोंडी नाही हे, गणबोली वेगळी लिहा.
चहा आला, गेला. टेबलावर कपांची वर्तुळं
एकमेकांत अडकत राहिली.
शेवटी एकाचे दोन गट झाले.
इतिवृत्तात मी लिहिलं: फाटा फुटला,
जसा पाटाला फुटतो, पाणी तेच.
भगीरथने पुढचं खोडलं.
इतिवृत्तात उपमा नको म्हणे.

मार्चमध्ये खजान पावरा आला,
सातपुड्यातल्या पाड्यावरून, मोटरसायकलवर,
पँटला गुडघ्यापर्यंत धूळ.
म्हणाला, मोहाची फुलं, चारोळी, डिंक
आम्हीपण काट्यावर घालतो.
आकडा व्यापारी सांगतो.
तुमचा काटा पावरीत बोलला पाहिजे.
लिहिलेलं नको. आईला वाचता येत नाही,
ऐकू मात्र चांगलं येतं.

हेतू एका ओळीत मावला.
माणसं: एक.

खोलीत आम्ही चौदा जण.
नियम भिंतीवर, माझ्याच अक्षरात.
युवराज फोन बघू लागला,
हेमलताबाई पिशवीत चष्मा शोधू लागल्या,
तो डोळ्यांवरच होता.
भगीरथ म्हणाला, दोन माणसं मिळाली की या पुन्हा.
तो वाईट माणूस नाही. नियम तसाच होता.

मग जुबेर म्हणाला, भाषा मला येत नाही,
आवाज जोडता येतो. आणि सही केली.
दोन.

मी कोडची एकही ओळ लिहिलेली नाही.
इतिवृत्त लिहिणाऱ्याने कुठल्याच गटात नसावं,
हाही नियम होता, मीच सुचवलेला,
तेव्हा फार शहाणपणाचा वाटलेला.
खजान हेल्मेट उचलत होता.
पेन माझ्या हातात होतंच.

आज सप्टेंबर. सहा महिने झाले,
जिवंत कोण, मिटलं कोण, तपासायला बसलेय.
पावतीचा गट मिटला. 'ळ' तसाच राहिला.
गट क्रमांक सात:
खजानने आईच्या आवाजात आकडे पाठवलेत,
एक ते वीस. मागे कोंबडा.
सातचा उच्चार मला अजून जमत नाही,
म्हणून तो इथे लिहीत नाही.
चौदानंतर ती हसते,
कुणाला सांगतेय मी हे, असं काहीतरी,
आणि मग पंधरा.

जुबेर विचारतो, हसू कापू?
मी टाइप केलं: ठेव.
मग पुसलं.
लिहिलं: खजानला विचार, गट त्याचा आहे.

दुपारी डोंगरात रेंज नसते.
रकान्यात 'जिवंत' लिहून
मी तारीख घातली.