शेवटच्या रिळाची तपकीर

डबा उघडला की आधी वास येतो,
जुन्या मोज्यांचा, वर किंचित कडू बदामाचा.
नाकावर रुमाल, हातात पांढरे मोजे,
बाहेर लॉ कॉलेज रस्त्यावर वैशाख,
आत मी स्वेटर घालून
बुवाला हळूहळू टेबलावर घेते.

सिनेमाचं नाव गेलंय. पहिल्या चाळीस फुटांबरोबरच गेलं.
बुवा उरलाय. डोळ्यांत काजळ, खांद्यावर जटा,
जटांखाली न्हाव्याने नीट कोरलेले कल्ले.
तिपाई. तिपाईखाली चेला, चेल्याच्या पायाचा अंगठा.
आणि काळा दोरा, जो तेव्हा कुणाला दिसला नसेल,
तो मला भिंगातून दिसतो
चौकटीमागून चौकट,
मांज्यासारखा ताणलेला.

मेलेला पोरगा मात्र दोऱ्याने येत नाही.
कॅमेरावाल्याने तीच फीत मागे फिरवून
तिच्यावर दुसऱ्यांदा उजेड पाडलाय.
पोराच्या छातीतून मागची खुंटी दिसते, खुंटीवरची टोपी दिसते.
भोंदू उघडा पाडायला निघालेले लोक
भूत करून दाखवतात, बुवापेक्षा सफाईने.
आमच्या तक्त्यात याला रकाना नाही.

डब्यासोबत तंबूच्या मालकाची वही आली.
मोडी. मला जेमतेम येते, बोट ठेवून वाचते.
‘रॉकेल आठ आणे. पेटीवाला, चहासह, पाच.
खांबेटे, पाट्या वाचणारा, सहा.’
आणि मार्गशीर्षापासून रोज, न चुकता:
‘बायकांत मोघ्यांची बाई. एकटी. दीड आणा.’

ज्यांना अक्षर लागत नव्हतं त्यांच्यासाठी
पडद्याशेजारी उभा राहून खांबेटे ओरडायचा.
बुवाला घोगरा, फौजदाराला खणखणीत,
चेल्याला नाकातला, त्यावर पोरं खिदळायची.
भूत बोलतं तेव्हा पडद्यावर नुसते ओठ हलतात,
मग पाटी: आई, पाणी.
एवढंच तो हळू म्हणायचा.
का, ते वहीत नाही.
दिवसाचा तिसरा खेळ, घसा बसलेला असेल.

‘बाईचा मुलगा इन्फ्लुएन्झात वारला. वय नऊ.’
हे समासात आहे, तिरकं, दुसऱ्या शाईत.
त्याखाली:
‘बाई शेवटचे रीळ लागण्याआधी उठते.
अंधारात कंदील धरावा लागतो. लोक कुरकुर करितात.’

शेवटच्या रिळात फौजदार येत असणार.
तिपाई उलटत असणार, अंगठा सापडत असणार,
शुक्रवार पेठ टाळ्या पिटत असणार,
आणि बाई तोवर गल्लीच्या वळणावर
पदर डोक्यावरून घट्ट ओढून,
मुलगा अजून न उघडा पडलेला.

‘पौष शुद्ध तृतीया. खांबेटे तापाने निजून. पेटीवाल्याने वाचले.
बाईने पैसे परत मागितले. दिले.’
‘पंचमी. खांबेटे म्हणतो, बाई घरी बोलावते.
जाऊ नकोस म्हटले.’
‘षष्ठी. खांबेटे आला नाही.’
‘सप्तमी. खांबेटे नाही. बाई नाही.’
पुढे रॉकेल, पेटीवाला, एक फाटलेली कनात,
आणि नव्या वाचणाऱ्याला चारच आणे.

त्या घरी काय झालं ते कुणी चित्रित केलं नाही.
त्याने पैसे घेतले का,
की नुसतं जेवायला वाढलेलं पान,
की दार लावून, दिवा बारीक करून,
सहा आण्यांच्या त्याच आवाजात दोन शब्द,
आणि तिने भरलेला पेला पुढे केला,
आणि तो प्यायला.

मी शेवटचा डबा उघडते.
तपकीर झालीय. खरंच तपकीर,
चिमटीत धरली तर शिंक येईल अशी.
म्हणजे फौजदार गेला, कंदील गेला, टाळ्या गेल्या.
बुवा आता कधीच पकडला जायचा नाही.
अवस्था: अपूर्ण. शेरा:
इथे पेन थांबतं.

जेवढी फीत धड आहे तेवढी
संध्याकाळी एकदा यंत्रावर लावून बघते.
आवाज नाही. वातानुकूलन घुरघुरतं.
ओठ हलतात.
पाटी यायच्या आधी माझेही.

या खोलीत पाणी आणायला मनाई आहे.