प्राणाय स्वाहा

सप्तमीचं श्राद्ध, लोकमान्य नगर,
सकाळपासूनचं तिसरं घर.
दर्भावर तीन पिंड मांडले
आणि ते सहा दिसू लागले.
अपसव्य करून बसलेले टोणपे साहेब म्हणाले,
गुरुजी, पुढचा मंत्र?

पुढचा मंत्र मला येतो.
एकतीस वर्षं येतोय.
तो जिभेपर्यंत आला आणि तिथंच बसला,
माझ्यासारखा, उपाशी.

"पंडितजी, सुबह से क्या खाया?"
डॉक्टर पोरवाल बाईंनी विचारलं.
गोळी, म्हटलं. शुगरची गोळी मी कधी चुकवत नाही.
पहाटे कोरा चहा.
मग रामबाग, मग पंचकुइयाला अस्थी वेचायच्या होत्या,
तिथं काय खाणार?
मग नारायण बाग. जेवून जा म्हणाले,
पण पुढच्यांचे पितर खोळंबले होते,
म्हणून जेवणाऐवजी शिधा घेतला.
लूनाच्या हँडलला तो उन्हात झुलत होता:
तांदूळ, तूरडाळ, भोपळ्याची फोड.

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, गोळीला खायला काही मिळालं नाही
तर ती तुम्हालाच खाणार.

घरी कुमुदिनीनं ताट वाढलं. काही बोलली नाही.
बोलायचं ते तिनं अकरा वर्षांपूर्वीच
बोलून संपवलंय.
मी ताटाभोवती पाणी फिरवलं,
चित्राहुती घातल्या
आणि सवयीनं पहिला घास उचलला.
प्राणाय स्वाहा.

थांबलो.
कुणाला देतोय हे?
समोर होम नाही, यजमान नाही,
गच्चीवर वाट बघणारं कुणी नाही.
अपानाय. व्यानाय. उदानाय. समानाय.
पाचही माझ्याच आत राहतात,
आणि मी आजवर त्यांना
टपालपेटीत पाकिटं टाकावीत तसे घास टाकले,
पत्ता न वाचता.
लोकांना त्यांच्या पणज्याचं नाव-गोत्र विचारणारा मी.

वरण गार झालं तरी उठलो नाही.
कुमुदिनीनं न विचारता
आणखी थोडा भात वाढला.

नवमीला फोन आला.
"गुरुजी, जरा लवकर या ना, अर्धाच तास."
साडेअकराला येतो, म्हटलं. आवाज थोडा कापला.
देवाशी खोटं बोलल्यासारखं वाटलं,
त्यात खोटं काहीच नव्हतं तरी.

रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली लूना लावली,
डबा उघडला. दोन पोळ्या, गिलक्याची भाजी.
ओंजळभर पाणी घेतलं
तेवढ्यात कठड्यावर कावळा आला.
ज्याला गच्च्यागच्च्यांवरून हाका मारून
दर भाद्रपदात माझा घसा बसतो,
तो, न बोलावता.
मान तिरकी करून डब्याकडे बघत राहिला.

थांब बाबा, मी म्हटलं.
आधी मी.